जरतारी लक्ष्मी

कमळात उभी असलेली लक्ष्मीची तसबीर आठवा. पूर्वी अशी रंगवलेली मोठी चित्रं राजवाड्यांत, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत असायची. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्र दगडावर उतरवायचं, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड! एकाच चित्राच्या भरपूर प्रती निघू लागल्या, साध्या घरांतही लक्ष्मी आली. मग कितीतरी बायकांनी तिला जरतार, टिकल्या, कापड चिकटवून साडी नेसवली. आज संग्राहक अशा तसबिरी शोधत फिरतात. चित्रकाराचं नाव सगळ्यांना ठाऊक. साडी नेसवणारीचं सहसा कुठेच नाही. तुमच्या माळ्यावर अशी तसबीर असेल, तर चौकटीमागे आजीचं नाव लिहून ठेवा.