परभणी जिल्ह्यातील हवामान अनुकूल शेती

परभणी जिल्ह्यातील हवामान अनुकूल शेती म्हणजे पावसाचा खंड व अतिवृष्टी या दोन्ही आपत्तींत पीक तगावे, यासाठी अवलंबिलेल्या शेतीपद्धती होत. मराठवाड्यातील या जिल्ह्यात सोयाबीन, कापूस व तूर ही प्रमुख खरीप पिके असून बरीचशी शेती कोरडवाहू आहे. येथील काळी जमीन ओलावा धरून ठेवते. मात्र पाऊस लांबल्यास तिला भेगा पडतात आणि अतिवृष्टीत ती चिबडते.

रुंद वरंबा सरी पद्धत
परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) सोयाबीनसाठी या पद्धतीची शिफारस करते. पेरणी रुंद वरंब्यावर केली जाते. सऱ्यांमुळे खंडकाळात ओलावा टिकतो, तर अतिवृष्टीत जादा पाणी निघून जाते.

शासकीय प्रकल्प
जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात परभणीचा समावेश आहे. शेततळे, ठिबक सिंचन इत्यादींचे अनुदान शेतकऱ्याच्या बँक खात्यात थेट जमा होते.

मर्यादा
अनुदान काम झाल्यानंतर मिळत असल्याने आरंभीचा खर्च शेतकऱ्यालाच उभारावा लागतो. त्यामुळे ज्यांना संरक्षणाची गरज अधिक, त्या अल्पभूधारकांनाच लाभ घेणे कठीण जाते.