२६/११ : न्यायालयीन कागदपत्रांत ‘आयएसआय’ कोठे आणि कशी?

नवी दिल्ली : मुंबईवरील २००८ च्या दहशतवादी हल्ल्यातील आरोपी तहव्वूर हुसेन राणा याला अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या स्वाधीन केले. त्यामुळे या प्रकरणाच्या न्यायालयीन प्रवासाचा नवा टप्पा राजधानीत सुरू झाला आहे. महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू ज्या कोपर्निकस मार्गावर आहे, तो मार्ग इंडिया गेटच्या षटकोनाला येऊन मिळतो. तेथून थोड्याच अंतरावरील पतियाळा हाउस न्यायालयाच्या आवारात राष्ट्रीय तपास यंत्रणेचे (एनआयए) विशेष न्यायालय आहे. राणाला तेथेच हजर करण्यात आले आणि तेथेच त्याला १८ दिवसांची कोठडी देण्यात आली. जुलै २०२५ मध्ये एनआयएने त्याच्याविरुद्ध पुरवणी आरोपपत्र दाखल केले.

या प्रकरणाची कागदपत्रे गेल्या दीड दशकात टप्प्याटप्प्याने उजेडात आली. त्यांत पाकिस्तानच्या ‘इंटर सर्व्हिसेस इंटेलिजन्स’ (आयएसआय) या गुप्तचर संस्थेचे नाव वारंवार येते. मात्र प्रत्येक उल्लेखाचे कायदेशीर वजन सारखे नाही. चौकशी अहवाल, आरोपपत्र, शपथेवरील साक्ष आणि न्यायालयाचा निष्कर्ष यांतील भेद लक्षात न घेतल्यास ‘कागदपत्रांत नाव आले’ या वाक्यातून चुकीचा अर्थ निघू शकतो.

पार्श्वभूमी

२६ ते २९ नोव्हेंबर २००८ या काळात लष्कर-ए-तोयबाच्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालय परिसर, ताज महाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउस येथे हल्ले केले. त्यांत १६६ जणांचा बळी गेला. मृतांमध्ये सहा अमेरिकी नागरिक होते. त्यामुळे अमेरिकेतही स्वतंत्र फौजदारी कारवाई झाली.

जिवंत पकडला गेलेला एकमेव हल्लेखोर अजमल कसाब याला विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली. कट पाकिस्तानात रचला गेला आणि हल्लेखोर व त्यांचे सूत्रधार पाकिस्तानी होते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निष्कर्ष होता. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात कसाबला फाशी देण्यात आली.

शिकागोतील कागदपत्रे

आयएसआयविषयीचे सर्वांत तपशीलवार उल्लेख डेव्हिड कोलमन हेडली याच्या प्रकरणातून आले. मूळचा दाऊद गिलानी असलेल्या या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकी नागरिकाने २००६ मध्ये नाव बदलले. हल्ल्यापूर्वी त्याने मुंबईत पाच फेऱ्या करून संभाव्य लक्ष्यांची टेहळणी केली. राणाच्या स्थलांतर सेवा व्यवसायाचे मुंबईतील कार्यालय हा त्याचा आडोसा होता.

हेडलीला ३ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागो विमानतळावर अटक झाली. १८ मार्च २०१० रोजी त्याने सर्व १२ आरोपांत गुन्हा कबूल केला. त्याबदल्यात त्याला मृत्युदंड टळला आणि भारत, पाकिस्तान वा डेन्मार्क यांच्याकडे प्रत्यार्पण न करण्याची हमी मिळाली. त्याच्या साक्षीची विश्वासार्हता तपासताना ही सवलत विसरता येत नाही. यापूर्वी अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत पकडला गेल्यावर तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा खबरी झाला होता, ही बाबही तितकीच महत्त्वाची.

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारी पक्षाने दाखल केलेल्या सुधारित आरोपपत्रात ‘मेजर इक्बाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीला आरोपी करण्यात आले. परंतु ती व्यक्ती आयएसआयची अधिकारी असल्याचा उल्लेख त्या आरोपपत्रात नव्हता. त्याच महिन्यात जाहीर झालेल्या दुसऱ्या कागदात मात्र संस्थेचे नाव स्पष्टपणे आले आणि तेही बचाव पक्षाच्या बाजूने. आपण जे केले ते पाकिस्तान सरकार आणि आयएसआय यांच्या अधिकाराखाली केले, असा पवित्रा राणाने घेतला होता. न्यायाधीश हॅरी लेनेनवेबर यांनी तो नाकारला. हा बचाव कायद्यात बसतो का, एवढाच प्रश्न त्या आदेशापुढे होता. आयएसआयचा सहभाग सिद्ध झाला की नाही, यावर तो निर्णय नव्हता.

मे २०११ मध्ये सुरू झालेल्या राणाच्या खटल्यात हेडलीने शपथेवर साक्ष दिली. आयएसआय लष्कर-ए-तोयबाला आर्थिक, लष्करी व नैतिक पाठबळ देत होती आणि टेहळणीसाठी मेजर इक्बालने आपल्याला २५ हजार डॉलर दिले, असे त्याने सांगितले. संस्थेच्या संपूर्ण वरिष्ठ नेतृत्वाला कट ठाऊक होता, असे मात्र त्याचे म्हणणे नव्हते.

९ जून २०११ रोजी ज्युरीने राणाला लष्कर-ए-तोयबाला साहाय्य करणे आणि डेन्मार्कमधील वृत्तपत्रावरील हल्ल्याचा कट या आरोपांत दोषी ठरवले. मुंबई हल्ल्याच्या कटात मदत केल्याच्या आरोपातून त्याची सुटका झाली. जानेवारी २०१३ मध्ये राणाला १४, तर हेडलीला ३५ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्या आरोपातून सुटका झाली त्यावर पुन्हा खटला कसा, हा राणाचा प्रत्यार्पणविरोधी मुद्दा होता. भारतातील गुन्ह्यांचे घटक वेगळे असल्याचे सांगत अमेरिकी न्यायालयांनी तो फेटाळला. २१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याची याचिका नाकारली.

भारतीय कागदपत्रे

एनआयएच्या अधिकाऱ्यांनी जून २०१० मध्ये शिकागो येथे हेडलीची चौकशी केली. तिचा शंभराहून अधिक पानांचा अहवाल त्याच वर्षी माध्यमांच्या हाती लागला. आयएसआयच्या भूमिकेविषयी त्यात विस्तृत माहिती आहे. तथापि, पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, हे भारतीय पुरावा कायद्याचे जुने तत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. त्यामुळे हा अहवाल तपासाला दिशा देतो, आरोप सिद्ध करत नाही.

२४ डिसेंबर २०११ रोजी एनआयएने पतियाळा हाउस येथील विशेष न्यायालयात नऊ जणांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. हेडली, राणा, हाफिज सईद, झकीउर रेहमान लखवी, साजिद मीर, अब्दुर रेहमान हाशिम सय्यद, इलियास काश्मिरी यांच्यासह मेजर इक्बाल आणि मेजर समीर अली यांची नावे त्यात आहेत. शेवटचे दोघे आयएसआयचे अधिकारी असल्याचा तपास यंत्रणेचा आरोप आहे. अमेरिकी आरोपपत्राने जे लिहिणे टाळले, ते भारतीय आरोपपत्राने लिहिले. तरीही आरोपपत्र म्हणजे सरकारी पक्षाचा दावा. न्यायालयाचा निष्कर्ष नव्हे.

भारतीय न्यायालयासमोर शपथेवर झालेला उल्लेख त्यानंतरचा आहे. बीड जिल्ह्यातील झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याच्याविरुद्धच्या खटल्यात विशेष न्यायाधीश जी. ए. सानप यांनी डिसेंबर २०१५ मध्ये हेडलीला माफीचा साक्षीदार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने दूरदृश्य प्रणालीद्वारे मुंबईतील न्यायालयात साक्ष दिली. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांच्या प्रश्नांना उत्तर देताना त्याने मेजर अली, मेजर इक्बाल तसेच लखवीशी संबंधित ब्रिगेडियर रियाझ यांची नावे घेतली. मार्च २०१६ मध्ये त्याची उलटतपासणी झाली. ही साक्ष ग्राह्य पुरावा आहे. मात्र माफीच्या साक्षीदाराच्या निवेदनाला महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र पुष्टी असावी, असा न्यायालयांचा प्रस्थापित दंडक आहे.

संस्थाच प्रतिवादी झाली तेव्हा

नरिमन हाउस येथील बळींच्या कुटुंबीयांनी २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात थेट आयएसआय आणि तिच्या माजी प्रमुखांविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने न्यायालयाला कळवले, की परदेशी राज्याचा भाग म्हणून संस्थेला आणि तिच्या माजी प्रमुखांना दाव्यापासून संरक्षण आहे. पुढे दावा फेटाळला गेला. म्हणजे आरोप खरे की खोटे, याची तपासणी तेथे झालीच नाही. हल्ल्यातील सहभागाचा आरोप पाकिस्तानने सातत्याने नाकारला आहे.

कागदपत्रे कशी खुली होतात?

अमेरिकेत आरोपपत्रे, कबुली करार आणि न्यायालयीन आदेश मोहोरबंद नसल्यास सर्वसामान्यांना पाहता येतात. भारतात तसे नाही. आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि ते संकेतस्थळावर टाकण्याचे बंधन यंत्रणांवर घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केले. त्यामुळे मुंबईत घडलेल्या गुन्ह्याचे अनेक तपशील भारतीय वाचकांना आधी शिकागोतील कागदपत्रांतून कळले.

आज स्थिती अशी आहे : आयएसआयविषयी शपथेवरील साक्ष नोंदली गेली आहे, भारतीय आरोपपत्रात तिच्या कथित अधिकाऱ्यांची नावे आहेत, परंतु मेजर इक्बाल वा मेजर समीर अली कोणत्याही भारतीय न्यायालयासमोर हजर झालेले नाहीत. संस्थेच्या भूमिकेवर फौजदारी न्यायालयाचा निर्णायक निष्कर्षही आलेला नाही. राणाविरुद्धच्या खटल्याचे महत्त्व यातच आहे. हेडलीच्या कथनाला स्वतंत्र पुष्टी देणारा पुरावा तेथे उभा राहतो का, यावर पुढील चित्र अवलंबून राहील. १६६ कुटुंबांना कागदांतील नावांपेक्षा त्या पुराव्याचीच अधिक प्रतीक्षा असणार.