सुरतेला आलेले स्वीडिश जहाज

मागे चलथाणला नातलगांकडे दोन दिवस मुक्काम होता. सुरतेजवळचे हे साखर कारखान्याचे गाव. रात्री गप्पांत सुरतेचा विषय निघाला आणि अर्थातच शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांवर आला. आपणा मराठी माणसांची सुरत बहुधा तिथेच थांबते. मला मात्र एका स्वीडिश पाद्र्याची आठवण झाली.

त्याचे नाव ऊलोफ तोरेन. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा हा शिष्य. १७५० साली स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचे 'गोथा लेयोन' जहाज गोथेनबर्ग बंदरातून निघाले, ते सुरतेला येऊन पुढे चीनमधील कँटनला गेले. तोरेन त्या जहाजावर धर्मगुरू होता.

गोथेनबर्गपासून उत्तरेला नॉर्वेच्या सीमेपर्यंत जी किनारपट्टी आहे, तिला बूहुसलेन म्हणतात. ग्रॅनाइटचे उघडे खडक, असंख्य बेटे आणि शेतीला बेताची जमीन. १६५८ च्या तहापर्यंत हा मुलूख नॉर्वेचा होता, नंतर तो स्वीडनकडे आला. इथल्या तानुमची कांस्ययुगीन खोदचित्रे १९९४ पासून जागतिक वारसा आहेत. आमच्या गोव्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठी बैल कोरलेले आहेत. तानुमच्या खडकांवर होड्याच होड्या. त्या कोरल्या तेव्हा समुद्र जवळ होता. हिमयुगातल्या बर्फाच्या भाराखाली दबलेली तिथली जमीन बर्फ वितळल्यापासून हळूहळू वर येत आहे, म्हणून पाणी मागे हटले.

या लोकांचे पोट समुद्रावर. आपल्या तारल्यांच्या कुळातला हेरिंग मासा तिथे कधी अमाप येई, कधी कित्येक वर्षे दिसेनासा होई. १७४७ च्या सुमारास तो पुन्हा आला आणि १८०९ पर्यंत टिकला. त्या काळात किनाऱ्यावर मासे खारवण्याचे आणि तेल काढण्याचे कारखाने उभे राहिले. मासा गेला आणि वस्त्या ओस पडल्या.

सुरतेचे दैवही पाण्यावरच होते. तापीच्या गाळामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत पोचत नसत, ती बाहेर नांगर टाकीत. तोरेन येऊन गेल्यावर थोड्याच वर्षांत, १७५९ मध्ये, सुरतेचा किल्ला इंग्रजांनी घेतला. पुढे व्यापार मुंबईकडे वळला.

तोरेनने या प्रवासाची हकिकत लिनियसला पत्रांतून कळवली. १७५३ मध्ये लिनियसने एका वनस्पतीला त्याच्यावरून 'टोरेनिया' हे नाव दिले. तोरेन त्याच वर्षी वारला. पत्रे छापली गेली १७५७ मध्ये.

सुरतेची गलबते मोखा, बसऱ्यापर्यंत जात. त्यांवरच्या खारव्यांनीही परके किनारे पाहिलेच होते. पण त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या रात्री आमच्यापैकी कुणाला सांगता आले नाही. लुटणारे आणि वखारी घालणारे आपण पाठ केले, समुद्रावर जाणारे आपलेच लोक विसरलो.

नर्सरीत टोरेनियाची जांभळी फुले आजही मिळतात. ती पाहिली की मला हे आठवते.