वसुलीवाल्याचा कुत्रा

अपोल्डा हे जर्मनीच्या थुरिंगिया भागातलं लहानसं गाव. विणकाम आणि घंटा ओतण्याच्या भट्ट्या ही त्याची जुनी ओळख. कोलोनच्या कॅथेड्रलमधली २४ टनांची घंटा १९२३ साली इथेच ओतली. आमच्या ताराचं कूळ याच गावचं. तारा म्हणजे आमची डोबरमन. मुक्काम सातारा, आहार भाकरी आणि अंडी, शिस्त मात्र जर्मन.

कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन अपोल्ड्यात १८३४ साली जन्मला. करवसुली, रात्रीची गस्त आणि मोकाट कुत्री धरणं अशी कामं त्याच्या नावावर सांगतात. खिशात वसुलीचा पैसा आणि परतीची वाट अंधारातली, सोबत हवीच. कोंडवाड्यातली कुत्री हाताशी होती, गावात कुत्र्यांचा बाजारही भरायचा. त्यांतली चपळ, तिखट, परक्याला न बुजणारी निवडून त्याने पैदास सुरू केली. जर्मन पिन्शर, रॉटवायलर, तिकडची जुनी मेंढपाळी कुत्री अशी पूर्वजांची नावं जाणकार घेतात, पण गृहस्थाने वंशावळीची साधी चिठ्ठीही मागे ठेवली नाही. वसुलीच्या वह्या तेवढ्या चोख असणार!

१८९४ साली तो वारला. काम पुढे नेलं त्याच गावच्या ओटो ग्योलरने. १८९९ मध्ये या जातीचा पहिला क्लब तिथेच निघाला. सुरुवातीची कुत्री भलतीच कडवी होती. पुढे मँचेस्टर टेरियर आणि ग्रेहाउंडचं रक्त आलं, तशी अंगकाठी रेखीव झाली, वेग वाढला. तापटपणाही हळूहळू निवडीने कमी केला गेला.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हा कुत्रा घडवला तो चालत्या माणसाच्या राखणीसाठी, वाड्याच्या नव्हे. धनगराचं कुत्रं माळावर मेंढरांशी एकटं राहतं, आपल्या अकलेने निर्णय घेतं. डोबरमनला माणूस लागतो. तारा माझ्या मागे स्वयंपाकघरातून गच्चीवर, गच्चीवरून न्हाणीच्या दारापर्यंत येते आणि उभी राहिली की सगळा भार माझ्या मांडीवर टाकते. पाहुण्यांना ते लाडावलेपण वाटतं.

माणसाला चिकटून राहण्याची ही ओढ लष्कराने आणि पोलिसांनी नेमकी ओळखली. १९४४ साली ग्वाम बेटावर अमेरिकन मरीन सैनिकांबरोबर जी कुत्री उतरली, त्यांत डोबरमनच जास्त होते. लढाईत गेलेल्या २५ कुत्र्यांची तिथे वेगळी दफनभूमी आहे. आपल्याकडे मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ मध्ये सुरू झालं तेही तीन डोबरमनवर. पथकातल्या कुत्र्याला ठरलेला हँडलर असतो, रोजचं काम असतं, हुंगायला माग असतो.

मग हाच कुत्रा बंगल्यांत आला आणि त्याचे हाल सुरू झाले. आमच्या कॉलनीत मी लहान असताना असे दोन होते. कान कापलेले, शेपूट तोडलेली, दिवसभर फाटकाशेजारी साखळीला, रात्री मोकळे. दूधवाला पाहिला तरी तोंडाला फेस येईपर्यंत भुंकायचे. लोक म्हणायचे, डोबरमन डोक्याने फिरतो. दिवसभर साखळीला बांधलं तर कोण फिरणार नाही?

ताराला आम्ही पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर नेतो. पण नुसतं पळवून ती दमत नाही, उलट दम वाढतो. ती खरी थकते डोकं लावून. घरात लपवलेला भाकरीचा तुकडा नाकाने शोधायचा, दारावरची घंटा वाजली की चटईवर जाऊन बसायचं, परका आत आला तरी मी सांगेपर्यंत उठायचं नाही. आज्ञा मात्र साऱ्या इंग्रजीत, सिट आणि स्टे. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही. हात उगारून यातलं काहीच शिकवता येत नाही. मारलं की ती कान पाडते आणि दोन दिवस तुमच्याकडे बघत नाही. थंडीत तिला अंथरूण घरात लागतं, कारण केस आखूड आणि त्याखाली लोकरीचा थर नाही.

तेव्हा पिल्लू आणण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा: रोज सकाळ-संध्याकाळ तासभर कोण देणार? उत्तर येत नसेल तर फाटकाला चांगलं कुलूप लावा आणि पिल्लू दुसऱ्याला घेऊ द्या.