चरबीच्या निरोपाची कुळकथा

नागपूरकर ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात, त्या सरकारी दवाखान्याजवळच्या भागाला टीबी वॉर्ड हेच नाव चिकटलेलं आहे. खोकणारा माणूस वाळत चालला की विदर्भात पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो रास्तच. पण बेडका तपासून क्षय नाही असं निघालं, निदान सीओपीडीचं, म्हणजे धाप लावणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं झालं, तरी माणूस खंगतच असतो. बिघाड फुप्फुसात, मग मांड्या का सुकल्या? घरच्यांच्या या प्रश्नाचं उत्तर दोन वेगळ्या घराण्यांतून आलेलं आहे.

पहिलं घराणं उंदरांचं. 1949 साली अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत बेसुमार फुगलेले उंदीर सापडले. पुढे लठ्ठ आणि मधुमेही अशी दुसरीही जात मिळाली. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदीर कुशीला कूस लावून शिवले, म्हणजे एकाच्या रक्तातलं दुसऱ्यात जावं. मधुमेही लठ्ठाशी जोडलेला धडधाकट उंदीर, समोर दाणा असून, उपाशी मेला. पहिल्या जातीचा लठ्ठ धडधाकटाशी जोडला, तर लठ्ठाचंच खाणं आणि वजन उतरलं. कोलमन यांनी ताडलं: रक्तातून ‘पुरे’ असा निरोप जातो, एका जातीला तो धाडता येत नाही, दुसरीला ऐकू येत नाही. बरीच वर्षं अनेकांना हे पटलं नाही. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन यांच्या चमूने त्या निरोपाचं जनुक शोधलं. निरोप्या म्हणजे लेप्टिन, आणि ते तयार होतं खुद्द चरबीत! निव्वळ साठवण म्हणून हिणवलेली चरबी ग्रंथीसारखी वागते, हे तेव्हा सगळ्यांना मान्य करावं लागलं.

दुसरं घराणं सशांचं, तेही रॉकफेलरमधलंच. परजीवींची लागण झालेले ससे इतके का झिजतात, हे अँथनी सेरामी शोधत होते. झिजवणाऱ्या पदार्थाला त्यांनी कॅकेक्टिन म्हटलं. 1985 मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्यासह त्यांनी दाखवलं की हा तर आधीच ठाऊक असलेला टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) हा दाहाचा पदार्थ. 1993 मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीतही टीएनएफ तयार होताना आढळला आणि दोन घराण्यांची सोयरीक ठरली.

फुप्फुसाच्या दारात ही वरात नेली ती मुख्यतः नेदरलँडमधल्या मास्त्रिख्तच्या डॉक्टरांनी. झिजलेल्या सीओपीडी रुग्णांच्या रक्तात टीएनएफसारखे दाहाचे पदार्थ वाढलेले दिसत होतेच. चरबी आटली की लेप्टिनही उतरतं. मग भूक खवळायला हवी. पण आजार उसळतो त्या दिवसांत चरबीच्या मानाने लेप्टिन जास्त आढळलं. दाह त्याला वर ढकलतो, आणि अन्नावरची वासना उडते. त्यातच श्वास ओढण्यात ताकद खर्ची पडते ती वेगळीच. सगळा दोष एकट्या लेप्टिनच्या माथी मारता येत नाही, हेही खरं. चरबीचाच दुसरा हार्मोन अडिपोनेक्टिन. तो दाह शमवणारा म्हणून नावाजला, पण सीओपीडीत त्याचं वागणं अजून धड उमगलेलं नाही.

आपल्याकडे या आजाराला बिडी लागतेच असं नाही. चुलीचा धूर पुरतो. (धूर घराबाहेर काढणारी ‘मगन चूल’ नागपूरशेजारी वर्ध्याच्या मगनवाडीतच घडली.) बिडी न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर लिहिलं.

पुण्याचाच दुसरा धागा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा. 2004 च्या ‘लॅन्सेट’मधल्या फोटोत ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! त्याच वर्षी सीओपीडीचं गांभीर्य मोजणारा ‘बोड’ निर्देशांक आला. त्यात बीएमआय 21 वा त्याखाली गेला की धोक्याचा एक गुण वाढतो. 165 सेंटीमीटर उंचीला हे साधारण 57 किलो. मला विचाराल तर आपल्या माणसांना हा आकडा डोळे मिटून लावू नये. स्नायू झडून गेले तरी चरबी काटा वर धरून ठेवू शकते.

दवाखान्यात सीओपीडीसाठी लेप्टिन तपासत नाहीत, तपासायची गरजही नाही. घरात धाप लागणारं कुणी असेल तर महिन्याला वजन लिहून ठेवा, दंड-मांड्यांकडे लक्ष द्या, आणि पंपाच्या चिठ्ठीसोबत ती वहीही डॉक्टरांपुढे ठेवा.