खोलीसाठी बायको



आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक लालबागला एका चाळीतल्या खोलीत भरते. हप्ते जमा झाले, वह्या भरून झाल्या की चहा होतो आणि चहाबरोबर टीव्ही लागतो. गेल्या वर्षी श्रावणातल्या बैठकीला 'अशी ही बनवाबनवी' लागला होता. आमच्यातल्या प्रत्येकीनं तो इतक्यांदा पाहिलाय की नटानं तोंड उघडायच्या आधी पुढचं वाक्य खोलीतूनच येतं. सत्तर रुपयांच्या प्रसंगाला आमच्या सर्वांत वयस्कर मावशी पदरानं डोळे पुसत होत्या, हसून हसून.

त्याच बैठकीत आम्ही एका सभासद ताईला खोलीच्या डिपॉझिटसाठी कर्ज मंजूर केलं होतं. तिचं काय झालं ते पुढे सांगतोच. पण त्या कर्जामुळे सिनेमा त्या दिवशी जरा वेगळा दिसला. नाव बदलणं, वेष बदलणं, चुकीच्या माणसाला चुकीचं समजून प्रेमात घोळ होणं हे सगळं त्यात आहेच. पण हा सगळा घोळ सुरू कशामुळे होतो? तर भाड्याच्या खोलीमुळे.

सिनेमा १९८८ चा. दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं, लेखन 'विच्छा माझी पुरी करा'वाल्या वसंत सबनिसांचं. गोष्ट पुण्यात घडते. धनंजय माने आणि त्याचे तीन सोबती डोक्यावर छप्पर शोधत असतात. घरमालक सरपोतदार बाहेर काढतात. लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात जागा आहे, पण ती बायकामुलांत राहणाऱ्यांना. मग परशुरामची पार्वती होते, सुधीरची सुधा होते, आणि दोन नवरे, दोन बायका असं कुटुंब बंगल्यात राहायला येतं. पार्वतीचं डोहाळजेवणसुद्धा होतं! आपल्या घरी झालेल्या डोहाळजेवणात त्या गाण्यावर नाचलो नाही, अशी आमच्यात एकही नसेल.

ही गोष्ट मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या हिंदी सिनेमावरून घेतलेली. त्याचं नाव होतं 'बीवी और मकान'. नावातच सगळं आलं. मकान हवं तर आधी बीवी दाखवा.

पुण्याची गोष्ट असली तरी सिनेमा आपल्याच भागातल्या माणसांचा आहे. निर्माते किरण शांताराम. त्यांचे वडील व्ही. शांताराम यांनी १९४२ साली परळला राजकमल कलामंदिर उभं केलं. दादरचं प्लाझाही त्यांचंच. धनंजय माने झालेले अशोक सराफ दक्षिण मुंबईतल्या चिखलवाडीत वाढले. आणि पार्वती झालेला लक्ष्मीकांत बेर्डे तर गिरगावचा. गिरगावातल्याच मुंबई मराठी साहित्य संघात त्यानं नोकरी केली आणि तिथूनच तो नाटकात आला. तेव्हा जागेची अडचण म्हणजे काय, हे या मंडळींना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या गिरणगावात एकटा पुरुष ही काही नवी गोष्ट नव्हती. कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत आली ती बहुतेक एकटीच. बायको-मुलं गावी, शेत राखायला. इथे एका खोलीत दहा-पंधरा जण, कधी त्याहूनही जास्त. एक पाळी कामाला गेली की दुसरी त्याच जागेवर पथारी टाकणार. बीडीडी चाळींची खोली १६० चौरस फुटांची. त्या काळी बिनबायकोच्या माणसाला मुंबईत जागा मिळायची ती अशी, गावकीच्या गाळ्यात. आणि त्यांना जेवू घालायची कोण? तर खानावळवाली बाई. बहुतेकदा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. स्वतःच्या खोलीत पहाटेपासून भाकऱ्या थापणारी. याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आम्ही बचत गटवाल्या त्यांच्या नाती लागतो, असं आम्ही समजतो.

जागा एवढी दुर्मीळ का झाली, तेही पाहू. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुन्या खोल्यांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. राहणाऱ्याला आधार झाला, हे खरं. गिरगाव-लालबागमध्ये आपली माणसं टिकली ती त्यामुळेच. पण एकदा आत शिरलेला भाडेकरू बाहेर निघत नाही, ही धास्ती मालकाच्या मनात बसली. नव्या माणसाला खोली देण्याऐवजी ती रिकामी ठेवलेली परवडली. दिलीच तर पागडी घेऊन. म्हणजे पैसा किंवा ओळख, आणि तिसरी गोष्ट अब्रू. अब्रूचा पुरावा म्हणजे लग्न. १९७० साली राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' आला, त्यात लग्न झालेल्या जोडप्याला चाळीच्या खोलीत दोन घटका एकांत मिळत नाही. त्यावरून दोन वर्षांनी हिंदीत 'पिया का घर' झाला. म्हणजे लग्न केलं तर एकांत नाही, नाही केलं तर खोलीच नाही. आपल्या विनोदी सिनेमांना विषय शोधायला लांब जावं लागलं नाही.

'बनवाबनवी' आला तेव्हा १९८२ च्या संपाला सहा वर्षं झाली होती. जानेवारी ८२ मध्ये अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि त्यातले कितीतरी परत गिरणीत गेलेच नाहीत. आमच्यातल्या काही जणी त्या घरांतल्या आहोत. तेव्हा घरी हसायला फार काही नव्हतं, असं आमच्या आया सांगतात. भाडं थकल्यावर घरमालकाला चुकवत जिना उतरायचा कसा, हे पडद्यावर पाहून हसू येतं, कारण ते घरात केलेलं असतं.

साडी नेसलेला पुरुष ही तर आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी गोष्ट. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दादरला केला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लावला. तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! परश्याची पार्वती झाली तेव्हा पंचाहत्तर वर्षांची परंपरा पाठीशी होती. नाटकातली तर त्याहून जुनी. ऐंशीच्या दशकात आपल्या लालबागच्या विजय चव्हाणांनी अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त घातलेला धुमाकूळ आमच्या आयांनी पाहिलाय. ती मावशीही मूळची विलायतेची, १८९२ च्या 'चार्लीज आंट' या नाटकातली.

पण फाळक्यांची गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षी त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला, आणि त्यात खऱ्या बाया आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. पडद्यावरची पहिली खरी पार्वती ही नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलीला एकटीनं वाढवणारी बाई होती. नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरून पोट भरायची. नातलगांनी, जातीनं दूर केलेलं. आम्हाला वाटतं, लीलाबाईंच्या दारात साडीतला परश्या उभा राहिला तर जागा मिळते, पण खऱ्या दुर्गाबाई मुलीचा हात धरून उभ्या राहिल्या असत्या तर? त्यांच्याकडे दाखवायला नवरा नव्हता.

एक मात्र सांगायला हवं. हा सिनेमा बायकांना हिणवत नाही. अश्विनी भावेंची माधुरी स्वतःच्या दुकानाची मालकीण आहे, धनंजय तिच्याकडे नोकरीला आहे. आणि लीलाबाईंचा आम्हाला राग येत नाही. एकट्या बाईनं घर भाड्यानं देताना चार अनोळखी तरुणांना घाबरायचं नाही तर काय करायचं? तिची भीती खरी आहे. चूक कुठे असेल तर मंगळसूत्र दिसलं की ती भीती जाते, इथे.

आता आमच्या ताईची गोष्ट. नवरा गेलेला, एक मुलगी शाळेत, पोळीभाजीचे डबे करते. नव्या इमारतीसाठी तिची चाळ रिकामी झाली, आणि ती पोटभाडेकरू असल्यामुळे तिच्या नावावर काहीच नव्हतं. एजंटनं चार ठिकाणी नेलं. चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, मिस्टर काय करतात? पाचव्या ठिकाणी तिचा भाऊ सोबत होता. घरमालकीण बाई त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही दोघं आणि मुलगी, एवढंच ना?" भाऊ काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "हो, एवढंच." अकरा महिन्यांचा करार तिच्याच नावानं, खऱ्या कागदपत्रांवर झाला. तो कुणी नीट वाचला नाही.

हे तिनं आम्हाला त्या श्रावणातल्या बैठकीत सांगितलं आणि दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, खोट्यावर घेतलेल्या खोलीला गटाचं कर्ज द्यायचं का? उद्या बाहेर काढलं तर हप्ता कोण भरणार? वयस्कर मावशी म्हणाल्या, "तिनं खोटं कुठे सांगितलं? त्यांनी विचारलं तसं उत्तर दिलं." तासभर वाद झाला. कर्ज दिलं. आणि मग तो सिनेमा लागला, म्हणून म्हटलं की वेगळा दिसला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईची वहिनी आली. मालकीण बाईंनी सहज विचारलं, या कोण? वहिनी बिचारी सरळ. नवऱ्याचं नाव घेतलं, तेही उखाण्यात. चाळीतल्या बायका हसायच्या थांबल्या.

वाण लुटून झाल्यावर मालकीण बाई एकट्याच मागे थांबल्या. त्याही विधवाच आहेत, हे ताईला तेव्हा कळलं. "आधी का नाही सांगितलंस?" ताई म्हणाली, "सांगितलं असतं तर खोली दिली असतीत?" त्या काही बोलल्या नाहीत. तिळाच्या वडीचा डबा उचलला आणि गेल्या.

करार जूनमध्ये संपला. पुढच्या अकरा महिन्यांचा झाला. भाडं पाचशे रुपयांनी वाढलं, ते तसंही वाढणारच होतं. कर्जाचे चार हप्ते राहिलेत.