नकाशा : भिंतीवरचा आणि पडद्यावरचा



परीक्षेच्या दिवसांत बेळगावच्या खडेबाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहिले, की एक मागणी हमखास कानी पडते : ‘काका, भारताचे दोन कोरे नकाशे द्या.’ मुलगा ते कागद जपून वहीत ठेवतो आणि घरी जाऊन त्यांवर नद्या, डोंगर, बंदरे भरू लागतो. त्याच घरात वडिलांच्या खिशातील फोनवर मात्र सारी पृथ्वी बोटाच्या स्पर्शाने जवळ येते आणि दूर जाते. मग हा कोरा कागद आता कशासाठी, असा प्रश्न मुलांना पडतो आणि भूगोलाच्या शिक्षकांनाही तो चुकलेला नाही. त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. ती समजून घ्यावयाची तर नकाशा शाळेपर्यंत कोणत्या वाटेने आला, हे आधी पाहावयास हवे.

नकाशा हा काही मुलांसाठी जन्मास आलेला नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याचा आरंभ १७६७ सालचा, म्हणजे कंपनी सरकारच्या अमदानीतला. विल्यम लँबटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ आधाररेषा मोजावयास घेतली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत साऱ्या द्वीपकल्पावर जाळे विणले. हे काम करता करताच तो १८२३ साली आपल्या वऱ्हाडालगतच्या हिंगणघाट येथे वारला. इकडे मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी नव्या पद्धतीने सुरू केली. पुढे ती पद्धत धारवाड-बेळगावकडेही आली. एका नकाशाची गरज सैन्याला होती, दुसऱ्याची सारावसुलीला. शाळेच्या वाट्याला आला तो भिंतीवरचा रंगीत नकाशा; आणि तोही मुलांनी दुरून पाहावयाचा, गुरुजींनी छडीने दाखवावयाचा.

या जुन्या मोजणीची एक गंमत आपल्या भागातील श्रोत्यांना सांगण्याजोगी आहे. सर्वेक्षण खात्याच्या स्थलदर्शक नकाशांत बेळगाव ‘४८ आय’ या गटात पडते, तर निपाणी ‘४७ एल’ या गटात. याला कारण राज्य नव्हे, जिल्हा नव्हे आणि भाषाही नव्हे. या दोन गावांच्या मधून सोळावा अक्षांश जातो, एवढेच. मोजणीदाराने कागद कापला तो अंशांच्या हिशेबाने. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा कागद कापला गेला तो निराळ्या हिशेबाने. चंदगड तालुका मुंबई राज्यात गेला आणि उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात आला. त्या हिशेबाचा वाद अद्याप सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तो येथे उकलण्याचा माझा हेतू नाही. मला सांगावयाचे आहे ते इतकेच, की नकाशावरील प्रत्येक रेघ कोणी तरी, कधी तरी, कशासाठी तरी ओढलेली असते. आणि हे ज्याला कळले त्याला भूगोलाचे निम्मे मर्म कळले.

आता पडद्यावरच्या नकाशाकडे वळू. अमेरिकेने उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणाऱ्या आपल्या यंत्रणेच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी २ मे २००० रोजी काढून टाकली आणि सामान्य माणसाला आपले ठिकाण काही मीटरच्या अंतराने कळू लागले. २००५ साली ‘गूगल’चे नकाशे आणि पाठोपाठ ‘गूगल अर्थ’ आले. २००९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या अंतराळ संशोधन संस्थेने ‘भुवन’ हे दालन उघडले आणि पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या सहकार्याने त्यात शाळांसाठी स्वतंत्र विभागही केला. ज्या नकाशांवर दीर्घकाळ सरकारी निर्बंध होते, त्यांच्या धोरणात २००५ साली काहीशी सैल गाठ पडली आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती बरीचशी सुटली. लष्कराचा आणि सारावसुलीचा नकाशा पोराच्या हाती यावयास दोनशे वर्षे लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

याविषयी शिक्षकांत बोलणे निघाले, की तीन प्रकारचे सूर ऐकू येतात. जुन्या पिढीतील शिक्षक म्हणतात, की हाताने नदी काढल्याखेरीज ती डोक्यात शिरत नाही. पडद्यावर बोट फिरविणाऱ्या मुलाला प्रमाण म्हणजे काय हेच उमगत नाही, कारण त्याचा नकाशा क्षणोक्षणी लहानमोठा होत असतो. तरुण शिक्षक म्हणतात, की ज्या मुलाने घाटमाथा पाहिलेलाच नाही, त्याला समोच्च रेषांच्या वेटोळ्यांतून डोंगर कसा दिसावा? पडद्यावर तो उभा करून दाखविता येतो. तिसरा सूर तक्रारीचा आहे आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. तास चाळीस मिनिटांचा, त्यात यंत्र सुरू व्हावयास दहा मिनिटे, जोडणी मिळेल याची शाश्वती नाही, आणि अखेर परीक्षेत विचारतात काय, तर भारताचा आराखडा काढा आणि त्यात स्थाने दाखवा! ही अडचण केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांविषयी जोसेफ केर्स्की यांचा जो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हेच आढळले, की साधन शाळेत येऊनही पुष्कळ शिक्षकांनी ते वर्गात वापरलेच नव्हते. धडे तयार करावयास वेळ नाही आणि साधन गुंतागुंतीचे, ही त्यांची प्रमुख कारणे होती. म्हणजे यंत्र विकत घेता येते, सवड मात्र घेता येत नाही.

तरीही सीमाभागातील शिक्षकाने हे साधन टाकू नये, असे मला वाटते; आणि त्याचे कारण आपल्याच एका नदीत आहे. वेदगंगा भुदरगडच्या सह्याद्रीत उगम पावते, गारगोटी आणि मुरगूड ओलांडते, निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्गाखालून जाते आणि दूधगंगेला मिळून कृष्णेकडे वळते. मुरगूडचा मुलगा एका राज्याचे पुस्तक वाचतो, निपाणीचा मुलगा दुसऱ्या राज्याचे. राज्याच्या नकाशात सीमेपलीकडे पांढरा कागद असतो. त्यामुळे एकाला नदीचे मुख ठाऊक नाही आणि दुसऱ्याला तिचा उगम. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये याच यमगर्णीपाशी पुराचे पाणी चढले आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला, तेव्हा ते पाणी पांढऱ्या कागदातून आले नव्हते. पाऊस कोठे पडला, धरण कोठे आहे, पाणी कोठे तुंबले, हे जाणावयाचे तर अख्खे खोरे एका दृष्टिक्षेपात दिसले पाहिजे. उपग्रहाने घेतलेले चित्र ते दाखविते, कारण उपग्रहाला सीमा दिसत नाही.

मात्र हाही भोळेपणा नको, की पडदा सदैव सत्यच सांगतो. उपग्रहाचे चित्र निःपक्ष असले, तरी त्यावरची नावे आणि रेघा माणसांच्याच असतात. एकाच कंपनीचा नकाशा निरनिराळ्या देशांत वादग्रस्त सीमा निरनिराळी दाखवितो. जुन्या पत्रावर ‘बेळगाव’ असते आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या सरकारी नकाशावर ‘बेळगावी’. तेव्हा हा नकाशा कोणी काढला, केव्हा काढला, त्यात काय गाळले, हे विचारावयास मुलाला शिकविणे हे आज शिक्षकाचे काम आहे. पूर्वी तो नकाशाचा राखणदार होता. यापुढे त्याने नकाशाचा परीक्षक व्हावे.

याचा आरंभ यंत्राखेरीजही करता येतो. खडेबाजार साडेचौऱ्याहत्तर रेखांशाच्या अगदी जवळ आहे आणि आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटे. म्हणजे घड्याळात बारा वाजून बत्तीस मिनिटे होतात, तेव्हा सरासरीने येथे खरे मध्यान्ह होते. शाळेच्या अंगणात एक काठी उभी रोवावी, सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते मुलांनी कित्येक दिवस टिपावे, रेखांश काढावा आणि मग फोन उघडून ताडून पाहावे. ज्या मुलाने काठीच्या सावलीतून आपले गाव पृथ्वीवर शोधले, त्याला पडदा फसवू शकणार नाही.

म्हणून खडेबाजारातील तो कोरा नकाशा बंद पडावा असे मला वाटत नाही. मुलाने आधी पडद्यावर वेदगंगा उगमापासून संगमापर्यंत पाहावी आणि मग कोऱ्या कागदावर ती स्वतःच्या हाताने काढावी. काढताना राज्याच्या सीमेपाशी त्याची पेन्सिल थांबली नाही, तर भूगोलाचा तास सत्कारणी लागला असे समजावे.